फोनचं लॉक विसरलात? दुकानात जाण्याआधी हे घरी करून पाहा

दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरावर आली की आमच्या भागात एक तक्रार हमखास ऐकू येते: फोन बोट ओळखत नाही. वाळलेल्या बोंडाची टोकं रुतून रुतून बोटांची कातडी सोलून निघते, चिरा पडतात, आणि एरवी अंगठा टेकवला की उघडणारा फोन पिन मागत बसतो. पिन घालून दिला होता मुलानं, आणि तो शिकायला अमरावतीला. दुसरं निमित्त लाईनचं. रात्रभर लाईन नसली, बॅटरी उतरून फोन बंद पडला, की सकाळी चालू केल्यावर बोट चालतच नाही. पिन किंवा पॅटर्न द्यावाच लागतो. बोटाची सवय इतकी झालेली असते की तो कधीचाच डोक्यातून गेलेला असतो.

मग माणूस बाजाराच्या दिवशी फोन खिशात घालतो आणि तालुक्याच्या दुकानात जातो. "उघडून दे ना भाऊ." दुकानदार फोन आत नेतो, थोड्या वेळानं उघडलेला फोन हातात देतो, आणि घरी आल्यावर कळतं की नातवाच्या बारशाचे फोटो, वावराच्या कागदांचे फोटो, सोयऱ्याधायऱ्यांचे नंबर, सगळं गेलं. दर वेळी दुकानदारानं फसवलेलंच असतं असं नाही. फोन पुसून कोरा करण्यापलीकडे त्याच्याही हातात काही नसतं. पण त्याच्याकडे जाण्याआधी बरंच काही वाचवता आलं असतं, आणि ते कसं हे त्या घरात कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

फोन नुसता का उघडून देता येत नाही

अँड्रॉइड ४.४ पर्यंतच्या फोनांत पॅटर्न चुकत गेला की खाली "पॅटर्न विसरलात?" असं यायचं. गुगलचा पासवर्ड टाकला की फोन उघडायचा आणि आतलं सगळं जागच्या जागी असायचं. पुष्कळांच्या डोक्यात अजून तोच काळ आहे. पुढच्या फोनांत ती सोय राहिली नाही. २०१५ मध्ये अँड्रॉइड ५ मध्ये एक चूक सापडली होती: पासवर्डच्या रकान्यात भलामोठा मजकूर चिकटवत गेलं की लॉकचा पडदाच कोलमडायचा. ती त्याच वर्षी दुरुस्त झाली. "कोणतंही लॉक एका मिनिटात, डेटा न जाता" असं सांगणारे व्हिडिओ आजही फिरतात. ते पाहून इमर्जन्सी कॉलच्या पाटीवर स्टार-हॅशचे आकडे दाबत बसण्यात वेळच जातो.

आजच्या फोनात पिन कुठं लिहून ठेवलेला नसतो की कुणी तो वाचून काढावा. फोनच्या चिपमध्ये एक गुप्त संख्या कायमची बसवलेली असते. तुम्ही पिन टाकता तेव्हा ती संख्या आणि तुमचा पिन मिळून एक किल्ली बनते, आणि त्याच किल्लीनं आतले फोटो, मेसेज, नंबर वाचण्याजोगे होतात. बँकेच्या लॉकरला एक किल्ली बँकेची आणि एक तुमची लागते, तसंच हे. तुमची हरवली तर नुसत्या बँकेच्या किल्लीनं काही उघडत नाही. फोटो-मेसेज साठवणारी चिप काढून दुसऱ्या यंत्राला जोडली तरी नुसती निरर्थक अक्षरं दिसतात. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या आणि त्यानंतरच्या प्रत्येक नव्या फोनात ही व्यवस्था सक्तीची आहे.

हे डोळ्यांनीही पाहता येतं. बंद पडलेला फोन चालू करा, पिन टाकू नका, आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरून त्यावर रिंग द्या. रिंग वाजेल, फोन उचलताही येईल, पण पडद्यावर नाव येणार नाही, नुसता नंबर दिसेल. नावांची यादी अजून कुलपात आहे, फोनला स्वतःलाही ती वाचता येत नाही. चालू केल्यावर पहिल्यांदा बोट चालत नाही तेही याचमुळे. बोटावरून किल्ली बनत नाही. किल्ली पिननं एकदा बनली की मग पुढचं काम बोट करतं.

मग सगळे पिन एकामागून एक टाकून पाहिले तर? चार आकड्यांचे पिन १०,००० होतात, आणि नऊ ठिपक्यांवर काढता येणारे पॅटर्न ३,८९,११२. पण फोन मोजत असतो. साधारण पाच चुका झाल्या की ३० सेकंद थांबवतो, मग हा थांबा वाढत जातो. काही फोनांत ठरावीक चुकांनंतर फोन आपोआप पुसला जाईल अशी सेटिंगही असते.

अमेरिकेत डिसेंबर २०१५ मध्ये सॅन बर्नार्डिनोला गोळीबार झाला, त्यातल्या हल्लेखोराचा आयफोन एफबीआयच्या हाती लागला आणि त्यांनाही तो उघडेना. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायालयानं अ‍ॅपलला मदतीचा आदेश दिला, अ‍ॅपलनं विरोध केला, आणि शेवटी मार्चमध्ये एफबीआयनं बाहेरच्या कुणाकडून तरी तो उघडवून घेतला. तोही तेव्हाचा जुन्या बनावटीचा फोन होता. तालुक्याच्या दुकानदाराकडून याहून जास्त अपेक्षा करणं त्याच्यावरही अन्याय आहे.

आधी थांबा, नेमकं काय मागतंय ते वाचा

घाबरलेला माणूस भराभर आकडे टाकतो. त्यातले अर्धे आकडे एटीएमचे किंवा यूपीआयचे असतात. ते पिन वेगळे, फोनचं लॉक वेगळं.

कधी कधी फोनचं लॉक मागितलेलंच नसतं. पडद्यावर "सिम पिन" असं लिहिलेलं असेल तर ते सिमकार्डाचं कुलूप आहे. तिथं तीनच संधी असतात. तीन चुकल्या की आठ आकडी पीयूके मागतो, आणि तो दहा वेळा चुकला की सिम कायमचं निकामी होतं. म्हणून तिथं अंदाज लावूच नका. पीयूके सिमच्या कंपनीकडून, ओळख पटवून, मिळतो. हप्त्यानं घेतलेल्या फोनवर हप्ता थकल्याचा संदेश येऊन फोन अडला असेल तर तो प्रश्न कर्ज देणाऱ्याकडेच सुटेल, या लेखातल्या उपायांनी नाही.

खरोखर फोनचंच लॉक असेल तर एक कागद घ्या. काय काय टाकून पाहिलं ते लिहीत जा, म्हणजे तेच तेच परत टाकलं जाणार नाही. पॅटर्न आठवत नसेल तर मन दुसरीकडे असताना नेहमीच्या हातानं, नेहमीच्या पकडीत काढून पाहा. पुष्कळदा डोकं विसरतं पण हाताला आठवतं. लेकरांनाही विचारा, रागावून नको. खेळण्यासाठी त्यांनीच पॅटर्न बदललेला असतो आणि मार बसेल म्हणून ती गप्प राहतात. ज्यानं पिन घालून दिला त्याला शेजाऱ्याच्या फोनवरून विचारा. आणि तोवर फोन चार्जिंगला लावून ठेवा.

चार्जिंगचं मुद्दाम सांगतो. पिन आठवत नाही पण बोटानं किंवा चेहऱ्यानं फोन अजून उघडतोय, असं असेल तर हातात फार मोलाचा वेळ आहे. फोन बंद करू नका, बॅटरी उतरू देऊ नका, उगाच रीस्टार्ट करू नका. अँड्रॉइड फोन साधारण ७२ तासांत एकदा तरी पिन मागतोच, त्याआधी कामं उरकायची आहेत. पिन बदलायला जाल तर तो जुना पिन मागेल, तो नाद सोडा. फोन उघडा, केबलनं संगणकाला जोडा आणि फोटो उतरवून घ्या. सेतू केंद्रात संगणक असतोच. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमधून चॅटचा बॅकअप घ्या. गुगल फोटोचा बॅकअप बंद असेल तर चालू करा. नंबर गुगल खात्यात जातायत का ते पाहा. आणि जीमेल उघडून आपला ईमेल पत्ता कोणता, तो अक्षरन्‌अक्षर कागदावर उतरवा. याचं महत्त्व पुढं कळेल.

फोनमध्ये नसलेलं पुष्कळ असतं

फोन अडकला की आपला जीवच त्यात अडकल्यासारखं होतं. पण पैसे फोनमध्ये नसतात, बँकेत असतात. डिजिलॉकरमधली कागदपत्रंही फोनमध्ये नसतात. पीएम किसान, लाडकी बहीण किंवा आधारचा ओटीपी येतो तो सिमकार्डावर. सिम काढा, दुसऱ्या फोनमध्ये घाला, ओटीपी तिथं येईल. साधा बटणांचा फोनही चालतो. फक्त जिओचं सिम असेल तर तो फोन ४जी हवा, जुन्या २जी फोनात ते चालणार नाही. ई-पीक पाहणीसाठी स्मार्टफोन लागतो, पण ती शेजाऱ्याच्या फोनवरूनही करता येते. तेवढ्यासाठी घाईनं फोन पुसून घेऊ नका.

फोनमध्ये मेमरी कार्ड असेल तर तेही काढून दुसऱ्या फोनात घालून पाहा. कॅमेऱ्याचे फोटो कार्डावर साठवायची सेटिंग असेल तर ते जसेच्या तसे मिळतात. कार्ड फोनच्याच जागेत मिसळून टाकलेलं असेल, तर मात्र ते त्या एकाच फोनला वाचता येतं.

तेच सिम दुसऱ्या स्मार्टफोनात घालून व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलं तर ग्रुप परत येतात. जुन्या गप्पा आणि फोटो हवे असतील तर गुगलवर बॅकअप असावा लागतो. दुसऱ्याच्या फोनवर असं केलं तर काम झाल्यावर आपलं व्हॉट्सअ‍ॅप तिथून काढायला विसरू नका.

खरी अडचण गुगलच्या खात्याची

शहरात राहणाऱ्याला कदाचित पटणार नाही, पण आपल्याकडे लॉकपेक्षा इथंच जास्त फोन अडतात. फोन घेतला त्या दिवशी दुकानातल्या पोरानं दोन मिनिटांत गुगलचं खातं काढलं, पासवर्ड त्याच्या मनानं टाकला, फोन हातात दिला. "खातं तं दुकानवाल्यानंच काढलं, मले काय मालूम?" पुढचा फोन घेतला तेव्हा आणखी नवं खातं. नंबर एका खात्यात, फोटो दुसऱ्या खात्यात, आणि मालकाला दोन्हींची नावं ठाऊक नाहीत.

अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोनांत एक राखण आहे. फोन बाहेरून बटणं दाबून पुसला, तर चालू झाल्यावर तो आधीच्याच गुगल खात्याचा ईमेल आणि पासवर्ड मागतो, किंवा जुना पिन. चोराच्या हाती फोन लागला तरी त्याला तो वापरता येऊ नये म्हणून ही सोय केलेली. पण ज्याला आपलं खातंच माहीत नाही त्याच्या बाबतीत ती मालकालाच बाहेर ठेवते. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी खातं ताब्यात घ्यायचं, मग फोन पुसायचा.

खातं असं शोधा. सिम दुसऱ्या फोनात घाला. त्या फोनच्या ब्राउझरमध्ये गुगलचं साइन इनचं पान उघडा आणि "ईमेल विसरलात?" यावर दाबा. आपला मोबाईल नंबर टाका, मग नाव. नाव दुकानदारानं जसं घातलं असेल तसं लागतं, म्हणून आडनावासह, आडनावाशिवाय, इंग्रजी स्पेलिंग बदलून पाहा. नंबर खात्याला जोडलेला असेल तर ओटीपी येतो आणि ईमेल पत्ता दिसतो. मग "पासवर्ड विसरलात?" करून नवा पासवर्ड ठेवा. हे काम शक्यतो आपल्याच गावातून, आपण आधी वापरलेल्या एखाद्या फोनवरून किंवा संगणकावरून करा. ओळखीचं यंत्र आणि ओळखीची जागा दिसली की गुगल लवकर विश्वास ठेवतं. नागपूरला जाऊन अनोळखी संगणकावर बसलात तर तेच अवघड होतं. कधी गुगल काही तास किंवा दिवस थांबायला सांगतं. थांबा. घाईघाईनं वेगवेगळी उत्तरं देऊ नका.

खातं उघडलं की लगेच दुसऱ्या फोनवरून गुगल फोटो आणि गुगल कॉन्टॅक्ट्स उघडून पाहा. आपलं काय काय तिथं आधीच सुरक्षित आहे ते कळेल, आणि फोन पुसायचा की अजून आठवत बसायचं हे शांतपणे ठरवता येईल. नवा पासवर्ड ठेवल्यावर फोन पुसण्याआधी २४ तास थांबावं असं गुगल सांगतं, कारण ताजा बदललेला पासवर्ड ही राखण मान्य करीलच असं नाही.

खातं सापडलंच नाही तर फोनचं मूळ बिल, खोका आणि ओळखपत्र घेऊन कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात जा. काही कंपन्या मालकीचा पुरावा पाहून ही राखण काढून देतात. इथं बिलाची किंमत कळते. आठवडी बाजारात बिलाविना स्वस्तात घेतलेला जुना फोन असेल तर सेवा केंद्र हात वर करतं आणि ते बरोबरच आहे. जुना फोन घेताना *#०६# दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढा आणि केवायएम (KYM), मग जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवून फोनची नोंद तपासून घ्या.

पुसायचं ठरलंच तर

काम सोपं आहे. गुगल खातं हाती असेल आणि फोन चालू व इंटरनेटला जोडलेला असेल तर दुसऱ्या फोनवरून गुगलचं फाइंड हब उघडा. त्याचं आधीचं नाव फाइंड माय डिव्हाइस. तिथून फोन पुसण्याचा पर्याय निवडा. इंटरनेट नसेल तर फोन बंद करून पॉवरचं आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबून ठेवा. रिकव्हरीची काळी पाटी येते, त्यात वाइप डेटा किंवा फॅक्टरी रीसेट निवडायचं. सॅमसंगच्या नव्या फोनांत ही पाटी येण्यासाठी फोन केबलनं संगणकाला जोडलेला असावा लागतो. इतर कंपन्यांची बटणं थोडी वेगळी असू शकतात.

पुसताना फोन ती आतली किल्लीच नष्ट करतो. त्यामुळं नंतर "गेलेले फोटो परत काढून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. फोनमधून काही निघत नाही, जे यायचं ते गुगलच्या बॅकअपमधून येतं.

फोन उघडल्यावर त्याच गुगल खात्यानं आत जा, बॅकअप उतरू द्या. यूपीआय अ‍ॅप परत घालताना सिम याच फोनात हवं, कारण अ‍ॅप त्या सिमवरूनच मेसेज पाठवून खात्री करतं. जुना यूपीआय पिन आठवत असेल तर तोच चालतो. पहिल्या दिवशी मोठी रक्कम पाठवायला मर्यादा असू शकते, ती आपोआप उठते.

आयफोन आपल्या गावांत थोडे. त्यातही गोष्ट हीच: वारंवार चुकल्यावर पडद्यावर "पासकोड विसरलात?" येतं, अ‍ॅपलच्या खात्याचा पासवर्ड टाकून फोन पुसता येतो, नाहीतर संगणकाला जोडावा लागतो. आयओएस १७ पासून एक दिलासा मात्र आहे. पासकोड नुकताच बदलला आणि नवा आठवेना, तर ७२ तासांपर्यंत जुना टाकून नवा ठेवता येतो.

या सगळ्या धावपळीत ठगांना फार वाव मिळतो. गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका; खोटे नंबर वर आणून ठेवलेले असतात. नंबर घ्यायचा तो फोनच्या खोक्यावरचा. कुणी दुसऱ्या फोनवर एखादं अ‍ॅप घालायला सांगितलं, पडदा दाखवायला सांगितला, ओटीपी विचारला, की फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा, तासातासाला फरक पडतो. आणि दुकानदार कितीही ओळखीचा असो, फोन उघडून मिळाला की त्यानं टाकलेला पिन आणि गुगलचा पासवर्ड घरी येऊन बदला. आयाबहिणींचे, पोरींचे फोटो त्या खात्यात असतात.

माणूस गेल्यावर मागं राहिलेला फोन

हे लिहिणं जड जातं, पण विचारणारे येतात. घरातला कर्ता माणूस जातो, त्याचा फोन उरतो, लॉक कुणाला ठाऊक नसतं. त्यात त्याचा आवाज असतो, देण्याघेण्याचे हिशेब असतात. अशा फोनचं सिम लगेच बंद करू नका, रिचार्ज चालू ठेवा. बँकेचे आणि खात्याचे मेसेज त्यावरच येत राहतात. फोन पुसण्याची घाई तर मुळीच करू नका. महिन्यांनी एखाद्या लेकराला पॅटर्न आठवलेला असू शकतो. गेलेल्या माणसाच्या खात्यासाठी गुगलकडे वारसांना विनंती करता येते, त्याला मृत्यूचा दाखला आणि ओळखीची कागदं लागतात. गुगल पासवर्ड कुणालाच देत नाही, मात्र काही प्रसंगी खात्यातला मजकूर देतं. दोन वर्षं वापर नसलेलं खातं गुगल पुसून टाकू शकतं, म्हणून ही विनंती लांबणीवर टाकू नये.

जिवंतपणी करून ठेवायची सोयही आहे. गुगल खात्याच्या सेटिंगमध्ये "इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर" आहे. खातं ३ ते १८ महिन्यांपैकी आपण ठरवू तितका काळ वापरलं नाही, तर आपण नेमलेल्या माणसांना त्यातलं काय मिळावं हे तिथं सांगून ठेवता येतं. जास्तीत जास्त दहा जणांची नावं घालता येतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये हे त्यांना विचारून, त्यांच्या शेजारी बसून भरा. त्याच बैठकीत त्यांची दोन्ही हातांची दोन-तीन बोटं फोनमध्ये नोंदवून घ्या, आणि खात्याचा ईमेल व पासवर्ड सातबारा आणि पासबुक ठेवता त्या पिशवीत लिहून ठेवा.